एनएफ१ असलेल्या मुलांच्या पाठीचा बाक: अंश मोजण्याआधी हाडं पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठ वर्षांची. अंगावरच्या डागांवरून चौथ्या वर्षी न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १, म्हणजे एनएफ१चं निदान झालं. अलीकडे एक खांदा वर दिसू लागला म्हणून एक्स-रे काढला, तर पाठीला २८ अंशांचा बाक निघाला. एका डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे पाठीला आधार देणारा कडक पट्टा, लावून सहा महिन्यांनी यायला सांगितलं. दुसऱ्यांनी लगेच एमआरआय लिहून दिला आणि ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणाले. मुलीला काहीही दुखत नाही. आई विचारते: खरं कोणाचं? इतक्या लहान वयात ऑपरेशन केलं तर उंची खुंटेल का? गाठींना धक्का लागून कॅन्सर होईल का? आणि तीन वर्षांच्या धाकट्या भावाच्या अंगावरही डाग आहेत, त्याचं काय करायचं?

आधी सरळ उत्तर देतो. एमआरआय करून घ्या आणि तो लांबवू नका. ब्रेस की ऑपरेशन, हा निर्णय त्यानंतरचा. दोन डॉक्टरांपैकी एक चूक आणि एक बरोबर असं मी म्हणणार नाही, कारण २८ हा आकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. एनएफ१ नसलेल्या मुलीत २८ अंशांचा बाक असेल तर ब्रेस आणि सहा महिन्यांनी तपासणी हा उत्तम सल्ला आहे. एनएफ१ मध्ये मात्र आधी हे ठरवावं लागतं की बाक साधा आहे की मणक्यांची हाडंच आतून बिघडल्यामुळे आलेला आहे. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही डिस्ट्रॉफिक म्हणतो. पुढचा सगळा उपचार या एका फरकावर अवलंबून असतो, आणि माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येणाऱ्या फाइलींमध्ये नेमकी हीच नोंद बहुतेक वेळा गायब असते. कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेले बाकाचे अंश, लिहिलेला असतो, हाडांबद्दल एक ओळही नसते.

एनएफ१ हा जनुकातला बिघाड आहे. सतराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन बनवतं. पेशींची वाढ आटोक्यात ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम. ते कमी पडलं की मज्जातंतूंच्या आवरणात गाठी होतात, त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग उठतात. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो. लोकांच्या मनात हा 'गाठींचा आजार' म्हणून बसलेला आहे, त्यामुळे पाठीत काही निघालं की पहिली शंका येते ती गाठीने मणका ढकलला असेल अशी. कधी तसं असतंही. पण हे प्रथिन हाड घडवणाऱ्या पेशींनाही लागतं. एनएफ१ मध्ये गाठ जवळपास नसतानाही मणका मऊ, झिजलेला, वेडावाकडा असू शकतो. याच कारणाने काही बाळांच्या नडगीचं हाड वाकतं, मोडतं आणि मग जुळत नाही. पाठीतलं हाडही तसंच वागतं हे लक्षात ठेवलं, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतील.

एनएफ१ असलेल्यांपैकी साधारण १० ते ३० टक्के लोकांना पाठीचा बाक येतो. त्यात साधा प्रकार जास्त वेळा दिसतो. तो वयात येताना दिसू लागतो, आठ-दहा मणक्यांवर पसरलेला लांबट असतो आणि त्याची चाल नेहमीच्या स्कोलिओसिससारखी, म्हणजे एनएफ१ नसलेल्या मुलांच्या बाकासारखी असते. डिस्ट्रॉफिक बाक लवकर, बहुधा दहा वर्षांच्या आत दिसतो. तो चार-सहा मणक्यांतच घडतो, त्यामुळे वळण आखूड आणि तीक्ष्ण असतं. जागा बहुतेक वेळा छातीच्या भागातली. त्याला बाजूच्या वळणासोबत पुढे झुकण्याची, कुबड येण्याची ओढ असते. आणि तो वाढतो. साधा बाक वर्षाला दोन-चार अंश सरकेल तिथे हा काही महिन्यांत दहा-पंधरा अंशांनी पुढे गेलेला मी पाहिला आहे. तुमच्या मुलीचं वय आठ. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांची घाई मला समजते.

आता तुमच्याकडचा एक्स-रे उजेडासमोर धरा. डॉक्टर त्यात काय शोधतात ते सांगतो, म्हणजे पुढच्या भेटीत तुम्हाला नेमकं विचारता येईल. सगळ्यात आधी बरगड्या. वळणाच्या टोकाशी, म्हणजे ते सर्वांत बाहेर आलेलं असतं तिथे, असलेल्या बरगड्या मणक्याजवळ टोक काढलेल्या पेन्सिलीसारख्या बारीक झाल्या आहेत का? यासाठी मापही आहे: वरून दुसऱ्या क्रमांकाची बरगडी जिथे सर्वांत अरुंद असते, त्याहून ही बरगडी बारीक असेल तर ती बिघडलेली धरायची. अशा तीन किंवा अधिक बरगड्या दिसल्या तर बाक झपाट्याने वाढण्याची शक्यता बरीच असते. मग मणके बाजूने, म्हणजे लॅटरल एक्स-रेमध्ये पाहायचे. मणक्याची मागची कड सरळ असायला हवी. ती आत खरवडल्यासारखी, छातीच्या भागात ३ मिलिमीटरपेक्षा किंवा कमरेत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त खोल गेली असेल तर ते डिस्ट्रॉफिक लक्षण. मणका एका बाजूने पाचरीसारखा चेपला आहे का, टोकाचा मणका स्वतःभोवती खूप फिरला आहे का, आडव्या हाडांची टोकं काटकुळी झाली आहेत का, मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रं मोठी झाली आहेत का, हेही बघतात. यातलं एखादंच लक्षण पुसट दिसलं तर शंका, दोन-तीन ठळक दिसली तर खात्री.

साध्या एक्स-रेत काही न दिसणं म्हणजे सुटका नव्हे. एमआरआयमध्ये अशा कितीतरी गोष्टी सापडतात ज्या एक्स-रेला दिसतच नाहीत. म्हणून एनएफ१ असलेल्या लहान मुलाला बाक निघाला की पूर्ण कण्याचा, मानेपासून माकडहाडापर्यंतचा एमआरआय व्हावा असं माझं ठाम मत आहे. फक्त वळणाच्या भागाचा केलेला एमआरआय अपुरा. त्यात तीन गोष्टी कळतात. एक, मणक्याशेजारी किंवा मज्जातंतूंवर गाठी आहेत का आणि त्या मज्जारज्जूला दाबताहेत का. दोन, मज्जारज्जूभोवतालची पाण्याची पिशवी फुगली आहे का. याला ड्युरल एक्टेशिया म्हणतात. फुगलेल्या पिशवीचा दाब वर्षानुवर्षं हाडावर पडत राहतो, मणक्याची मागची भिंत आणि कमानी पातळ होत जातात, कधी त्या कागदासारख्या उरतात. ऑपरेशनमध्ये स्क्रू ज्या हाडात बसवायचे तेच हाड हे, म्हणून सर्जनला ही माहिती आधी हवी. तीन, मज्जारज्जू स्वतः कसा आहे.

तिसऱ्या मुद्द्याबाबत एक उदाहरण देतो. साधारण दहा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या मतासाठी आणला होता. बाक मध्यम, पाठ दुखत नाही. आईची तक्रार एवढीच की तो हल्ली पळताना अडखळतो, बूट लवकर झिजवतो. घरच्यांनी दोनदा बूट बदलले होते. तपासताना त्याचा पाय हातात घेऊन पंजा झटकन वर केला, तर तो थांबेना, थरथरत राहिला. हे मज्जारज्जूवर दाब असल्याचं लक्षण. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की वळणाच्या टोकाशी एका बरगडीचं डोकं मोठ्या झालेल्या छिद्रातून सरळ मणक्याच्या पोकळीत शिरलं होतं आणि मज्जारज्जूला टेकलं होतं. डिस्ट्रॉफिक बाकात हे घडतं. नुसता एक्स-रे पाहून ते ओळखणं अवघड, आणि हे न ओळखता बाक सरळ करायला घेतला तर पाय कायमचे जाण्याचा धोका असतो. त्या मुलाच्या ऑपरेशनमध्ये बरगडीचा तो तुकडा काढून मग कणा स्थिर केला. चाल पुढच्या काही महिन्यांत सुधारली. तुमच्या मुलीला दुखत नाही, ती पळते, हे चांगलंच आहे. पण या आजारात दुखणं हा भरवशाचा इशारा नाही. बहुतेक मुलांना बाक बराच वाढेपर्यंत काहीही दुखत नाही.

आता ब्रेसबद्दल. बाक साधा ठरला, वळण २० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल आणि वाढ शिल्लक असेल, तर ब्रेस जरूर द्यावा. तो दिवसाचे बहुतेक तास, झोपेतही, घालायचा असतो. खाली त्वचेवर गाठी असतील तिथे काचतो, तेवढी जागा मोकळी करून द्यायला ब्रेस बनवणाऱ्याला सांगावं लागतं. पण हाडं डिस्ट्रॉफिक असतील तर ब्रेस बाक थांबवत नाही. हे मी पालकांना स्पष्ट सांगतो, कारण ब्रेस लावला की काहीतरी चाललंय असं वाटतं आणि तेवढ्यात महत्त्वाचे महिने निघून जातात. शिवाय बरगड्याच बारीक असल्या तर ब्रेसच्या दाबाने त्याच आत वळतात, कणा तसाच राहतो. अगदी लहान मुलात थोडा वेळ मिळवण्यासाठी ब्रेस किंवा प्लास्टरचं जाकीट कधीकधी वापरतो, पण ते पुढच्या ऑपरेशनची वाट पाहताना, आणि नेमक्या तारखा ठरवून.

व्यायामाचंही असंच. पाठीचे स्नायू बळकट ठेवणं, पोहणं, श्वासाचे व्यायाम, सगळं चांगलं. त्याने बाक सरळ होत नाही एवढंच. मात्र पाठ किंवा मान झटका देऊन 'बसवणं', जोरात रगडणं, पाठीवर पाय देणं हे एनएफ१ मध्ये अजिबात करू देऊ नका, कोणीही कितीही अनुभवी असला तरी. आत हाडाची भिंत पातळ आहे की जाड, हे बाहेरून हाताला कळत नाही. ड जीवनसत्त्व या मुलांमध्ये बऱ्याचदा कमी असतं आणि हाडांची घनताही कमी असते. ते रक्तात तपासून भरून काढावं. हाड सुदृढ राहण्यासाठी आणि पुढे ऑपरेशन झालं तर जुळण्यासाठी त्याचा उपयोग आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही प्रकारांच्या मधली आहे आणि ती पालकांना क्वचितच सांगितली जाते. आज साधा दिसणारा बाक उद्या डिस्ट्रॉफिक होऊ शकतो. हाडांतले बदल हळूहळू उमटत जातात. इसवी सन २०००च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या मुलांचा बाक सात वर्षांच्या आत सापडला होता त्यांतल्या सुमारे ८० टक्के मुलांत पुढे हे बदल दिसले. सातव्या वर्षानंतर सापडलेल्यांत सुमारे २५ टक्के. म्हणून तुमच्या मुलीच्या एमआरआयमध्ये आज सगळं ठीक निघालं तरी ब्रेस घालून वर्षभर निवांत बसायचं नाही. दर चार ते सहा महिन्यांनी एक्स-रे, आणि प्रत्येक वेळी पुन्हा बरगड्या आणि मणक्याच्या कडा पाहायच्या, फक्त अंश नाही. मूल वाढत असताना वारंवार एक्स-रे होतात, तर किरण पाठीकडून सोडून फोटो काढायला सांगा. त्याने छातीवर पडणारी मात्रा कमी होते. कमी मात्रेचं यंत्र उपलब्ध असेल तर ते वापरा.

ऑपरेशनकडे येतो. डिस्ट्रॉफिक बाक २० अंशांच्या आत असेल तर आम्ही जवळून लक्ष ठेवतो. त्यापुढे गेला आणि वाढतोय असं दिसलं, तर तो लहान असतानाच त्या भागातले मणके जोडून टाकणं, म्हणजे फ्यूजन, हा जगभर मान्य असलेला मार्ग आहे. पालकांना ते उलटं वाटतं: इतका लहान बाक, आणि ऑपरेशन? पण २८-३५ अंशांवर केलेलं ऑपरेशन आणि ८० अंशांवर केलेलं ऑपरेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या बाकात हाड आणखी झिजलेलं असतं, स्क्रूला पकड मिळत नाही, रक्तस्राव जास्त होतो, मज्जारज्जू ताणलेला असतो, फुप्फुसं दबलेली असतात. पुढे झुकणारं कुबड ५० अंशांपेक्षा जास्त असेल तर नुसतं मागून जोडून भागत नाही. पुढूनही आधार द्यावा लागतो, नाहीतर जोड टिकत नाही. फार कडक झालेल्या बाकात ऑपरेशनआधी काही आठवडे डोक्याला कडं बसवून हळूहळू ताण देतात. त्याआधी मानेचे मणके तपासलेच पाहिजेत.

उंचीची भीती प्रत्येक पालकाला असते, तेव्हा तिचा हिशोबच मांडून दाखवतो. जोडलेल्या प्रत्येक मणक्याची वर्षाला साधारण ०.०७ सेंटीमीटर वाढ गमावली जाते, असा आमच्याकडे ढोबळ नियम आहे. समजा आठव्या वर्षी सहा मणके जोडले आणि मुलीची वाढ चौदाव्या वर्षापर्यंत चालणार आहे. सहा मणके गुणिले सहा वर्षं गुणिले ०.०७, म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटर. डिस्ट्रॉफिक मणके मुळातच नीट वाढत नाहीत, म्हणजे प्रत्यक्षात नुकसान याहून कमी. उलट बाक ७०-८० अंशांपर्यंत गेला तर वळणातच याच्या कितीतरी पट उंची हरवते. पाय तर वाढतच राहतात. आखूड भागाच्या फ्यूजनमध्ये उंचीसाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही.

काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे: छाती. चार-पाच वर्षांच्या मुलाचे छातीचे बरेच मणके जोडले तर छातीचा पिंजरा वाढत नाही आणि फुप्फुसांना जागा मिळत नाही. म्हणून फार लहान मुलांत, किंवा वळण लांब असेल तर, वाढत्या रॉडचा पर्याय असतो. वळणाच्या वर आणि खाली पकड घेऊन मधे रॉड ठेवतात आणि मूल वाढेल तसा तो लांबवतात. काही रॉड दर सहा महिन्यांनी छोट्या ऑपरेशनने लांबवावे लागतात. चुंबकाने बाहेरून लांबवायचे रॉडही आहेत, पण एमआरआयमध्ये ते आजूबाजूचं चित्र पार खराब करतात, आणि एनएफ१ मध्ये गाठींसाठी पुढे अनेकदा एमआरआय लागतो. हा तोटा आधी समजून घ्या. धातू कोणता वापरणार हेही विचारा. टायटॅनियममुळे एमआरआयमध्ये कमी अडथळा येतो.

ऑपरेशनचे धोके लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठा धोका मज्जारज्जूला इजा होण्याचा. तो कमी करण्यासाठी ऑपरेशनभर मज्जारज्जूचे विद्युत संदेश मोजत राहणारं यंत्र लावतात. ती सोय नसेल तिथे हे ऑपरेशन करू नये. दुसरा रक्तस्रावाचा: मणक्याशेजारी प्लेक्सिफॉर्म, म्हणजे मज्जातंतूंवर जाळ्यासारखी पसरलेली, गाठ असेल तर तिच्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, म्हणून रक्त तयार ठेवावं लागतं. तिसरा धोका नंतरचा, आणि एनएफ१ मध्ये तोच सर्वांत चिवट: हाड जुळत नाही. सुरुवातीला सगळं छान दिसतं, मग वर्ष-दोन वर्षांनी रॉड तुटतो, पाठ दुखू लागते किंवा बाक पुन्हा सरकतो. यासाठी आम्ही भरपूर हाडाचा भुगा घालतो, शक्य तितक्या ठिकाणी पकड घेतो आणि शंका आली तर सीटी करून जोड तपासतो. पूर्ण जुळल्यानंतरही फुगलेली पिशवी हाड झिजवत राहू शकते. त्यामुळे ऑपरेशन झालं, फाइल बंद, असं या आजारात कधी होत नाही. वर्षाला एकदा तरी दाखवायचं, मोठेपणीही. पालकांनी सर्जनला मोकळेपणाने विचारावं: एनएफ१ची अशी ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का? या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडून ऑपरेशन करून घेऊ नका.

भूल देण्याआधी तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. पहिली, रक्तदाब. एनएफ१ मध्ये मुलांत मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद असू शकते, आणि मोठ्यांत क्वचित मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असते. ती माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब अचानक भडकून जिवावर बेतू शकतं. मुलांचा रक्तदाब मुलांच्या मापाच्या पट्ट्याने, प्रत्येक भेटीत मोजायला सांगा. दुसरी, मान. एनएफ१ मध्ये मानेचे मणकेही वाकलेले किंवा सैल असू शकतात आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. भुलीची नळी घालताना मान मागे करतात, म्हणून मानेचे एक्स-रे आधी हवेत. तिसरी, घशात किंवा श्वासनलिकेजवळ गाठ आहे का.

गाठी आणि कॅन्सर. मणक्याच्या ऑपरेशनमुळे न्यूरोफायब्रोमा, म्हणजे एनएफ१ची मज्जातंतूवरची गाठ, कॅन्सरमध्ये बदलतो असं दिसलेलं नाही, ही भीती मनातून काढून टाका. कण्याजवळ सापडणाऱ्या बहुतेक गाठी आयुष्यभर त्रास न देता तशाच राहतात आणि त्यांना हात लावायची गरज नसते. मज्जारज्जू दबत असेल, हातापायाची ताकद कमी होत असेल तर मात्र काढाव्या लागतात. काढताना हाडाच्या कमानी उघडाव्या लागल्या तर त्याच वेळी कणा स्थिर करायचा की नाही याचा विचार झालाच पाहिजे, विशेषतः मानेत, नाहीतर गाठ जाते आणि त्या जागी नवं कुबड येतं. मुलांमध्ये रेडिएशनने गाठी जाळण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी दुसरं मत घ्या. या आजारात रेडिएशनमुळे पुढे कॅन्सरची शक्यता वाढते.

कॅन्सरचा खरा धोका आहे तो खोल आणि पसरलेल्या प्लेक्सिफॉर्म गाठींमध्ये. मज्जातंतूच्या आवरणाचा घातक ट्यूमर होण्याची शक्यता एनएफ१ मध्ये आयुष्यभरात ८ ते १३ टक्के धरली जाते, आणि तो बहुधा तरुण किंवा प्रौढ वयात होतो. रात्री झोपेतून उठवणारं आणि कमी न होणारं दुखणं, गाठ पटापट वाढणं, मऊ गाठ कडक होणं, नव्याने बधिरपणा किंवा अशक्तपणा येणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. अशा वेळी एमआरआयसोबत पेट स्कॅन आणि योग्य जागेतून बायोप्सी करतात.

औषधांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. सेल्युमेटिनिब या गोळ्यांना अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये मान्यता दिली, ती दोन वर्षांवरच्या मुलांतल्या, त्रास देणाऱ्या आणि ऑपरेशनने न काढता येणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी. अनेक मुलांत गाठ आक्रसते, दुखणं कमी होतं. खरोखर आशा वाटावी असं हे औषध आहे. पण ते बिघडलेलं हाड सुधारत नाही आणि बाक सरळ करत नाही. कण्याशेजारी मोठी गाठ असेल तर ऑपरेशनआधी त्याचा उपयोग होईल का, हे सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचं. हृदय, डोळे आणि त्वचा यांची नियमित तपासणी त्यासोबत लागते.

मुलीबाबत आणखी एक सांगतो, कारण तिचं वय नेमकं तेच आहे. एनएफ१ मध्ये डोळ्याच्या मज्जातंतूवर गाठ असेल तर मुलं वेळेआधी वयात येऊ शकतात. उंची एकदम वाढू लागली, आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली होती असं वाटलं, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. वाढीचा वेग वाढला की बाकाचाही वेग वाढतो, आणि आमचा उपचाराचा अंदाज त्यावरच बेतलेला असतो. डोळे दर वर्षी तपासलेले असावेत.

एनएफ२ हा यापेक्षा वेगळा आजार आहे, नावामुळे गल्लत होते. तो बाविसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकातला. त्यात दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी होतात, आणि कण्यात बाकापेक्षा मज्जारज्जूच्या आतल्या व बाहेरच्या गाठींचा प्रश्न मोठा असतो. त्याची तपासणी आणि उपचार वेगळे, तेव्हा ती माहिती वाचून तुमच्या मुलीला लावू नका.

पुढच्या भेटीला जाताना आतापर्यंतचे सगळे एक्स-रे न्या, अहवालाचा कागद पुरत नाही. आधी कधी छातीचा फोटो काढला असेल, अगदी खोकल्यासाठी का होईना, तोही शोधून न्या. त्यात बाक तेव्हा किती होता हे दिसतं आणि वेग कळतो. डॉक्टरांना एकच प्रश्न आधी विचारा: हाडं डिस्ट्रॉफिक आहेत की नाहीत, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? चालण्यात बदल, अडखळणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, पायात मुंग्या, यांपैकी काही सुरू झालं तर भेटीची तारीख न बघता त्याच दिवशी दाखवा.

धाकट्याचं. जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये एनएफ१ आईवडिलांकडून येतो, उरलेल्यांत तो नव्यानेच उद्भवतो. दोन्ही भावंडांना डाग असतील तर तुम्हा दोघांपैकी एकाला सौम्य एनएफ१ असण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तुमचीही त्वचा आणि डोळे तपासून घ्या. तसं निघालं तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. त्यात कोणाचा दोष नाही, गरोदरपणातल्या कशामुळेही तो होत नाही. मुलाचे डाग मोजा: वयात येण्याआधी ५ मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील तर बालरोगतज्ज्ञ किंवा आनुवंशिकतातज्ज्ञांना दाखवा. जनुकीय चाचणीने खात्री करता येते, आणि एका भावंडात बदल सापडला तर दुसऱ्यात तो शोधणं सोपं जातं.

आणि त्याची पाठ आतापासून बघत जा. महिन्यातून एकदा अंघोळीनंतर, उघड्या अंगाने, पाय जुळवून उभं करा. गुडघे सरळ ठेवून, दोन्ही तळवे जोडून त्याला हळूहळू पुढे वाकू द्या. तुम्ही मागे बसा, डोळे त्याच्या पाठीच्या उंचीला येतील असे. एक बाजू दुसरीपेक्षा वर उचललेली दिसते का? मग बाजूने बघा, पाठीत कुठे टोकदार उंचवटा आहे का? सरळ उभा असताना खांदे, खांद्याची पाती आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची पोकळी सारखी आहे का? तीन वर्षांचं मूल स्थिर उभं राहत नाही, दोन-तीनदा करून घ्यावं लागेल. फोनवर मागून आणि बाजूने फोटो काढून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करता येते. काही वेगळं दिसलं नाही तरी डॉक्टरांकडून वर्षातून एकदा पाठ तपासून घ्या. वेगळं दिसलं, तर त्याचा पहिला एक्स-रे त्याच आठवड्यात.